दुसऱ्या थरातला खांदा

अण्णा मारायचे ते डाव्या हाताने. उजवा हात कामाचा, तो असल्या गोष्टींत झिजवायचा नाही, असं ते अगदी सहज सांगायचे, दात कुठल्या हाताने घासावेत हे सांगितल्यासारखं. गावी होतो तोवर वडिलांचा तो डावा हात वर्षातून महिनाभर, ते रजेवर आले की, माझ्या वाट्याला यायचा. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी मला आपल्याच कंपनीत चिकटवलं आणि अल-खोबरच्या बाहेर रेताड माळावर असलेल्या कामगारांच्या कॅम्पात आणलं, तेव्हा तो रोजचा झाला. अण्णा तिथे स्कॅफोल्डिंगचे फोरमन होते. लोखंडी नळ्या, त्या जोडायचे क्लॅम्प आणि वर टाकायच्या फळ्या, एवढ्या सामानावर माणूस आकाशात कसा उभा करायचा, हे त्यांना जितकं कळे तितकं इंजिनिअरांनाही कळत नसे. क्लॅम्प अर्धा फेरा सैल दिसला की मला खाली बोलावून सगळ्यांदेखत कानाखाली. "तुझ्यामुळे वरचा मरेल," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा वर चढवायचे.

आमची खोली म्हणजे पत्र्याची लांबट केबिन. चार खाटा, चार लोखंडी कपाटं, आणि खिडकीत बसवलेला एक एसी, जो थंडाव्यापेक्षा आवाज जास्त करायचा. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की वीज गेली की माणसं दचकून जागी व्हायची. खोलीत अण्णा, मी, माझा चुलतभाऊ वसूदादा आणि दाभोळकडचे दाऊदभाई. दाऊदभाई सुतार. अंगाने एवढे आडवे की खाटेखाली त्यांनी स्वतःच्या हाताने दोन जादा पाय ठोकले होते. खोलीत शेगडी ठेवायला बंदी होती, म्हणून ती दिवसा कपाटात असायची आणि संध्याकाळी बाहेर निघायची. शुक्रवारी सकाळी दाऊदभाई खोबरच्या मासळीबाजारात जाऊन सुरमई आणायचे आणि घरून आलेली आमसुलं टाकून असं तिखटजाळ कालवण करायचे की शेजारच्या केबिनीतले पठाण नाकाला रुमाल लावून, पण वाटी घेऊनच, दारात उभे राहायचे. मेसमधली खुबूस रोटी त्या कालवणात बुडवून खाल्ली की अण्णासुद्धा अर्धा तास कोणावर खेकसत नसत.

वसूदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले काका, मासेमारीच्या होडीवर होते. होडी परत आली, काका आले नाहीत. तेव्हापासून वसूदादा आमच्याच घरी वाढला. अण्णांनी त्याच्या अंगाला कधी बोट लावलं नाही. त्याने अण्णांचं घड्याळ विहिरीत टाकलं तरी नाही. त्या घड्याळाचा मारही मीच खाल्ला, "तू बघत काय होतास" म्हणून. आणि वसूदादा वाईट असता तर निदान मनात त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो वाईट नव्हता. मार खाऊन आलो की तो गुपचूप माझ्या पाठीला खोबरेल लावायचा. ते तेल मला माराहून जास्त झोंबायचं, हे तेव्हा कळत नव्हतं. आता साठीकडे झुकल्यावर कळतं.

तर आमचं पथक. अण्णा तरुणपणी मुंबईला गिरणीत होते, तेव्हा गोविंदात खालच्या थराला उभे राहायचे. कॅम्पात कोकणातली माणसं पुष्कळ, त्यातली निम्मी परांच्यांवर काम करणारी, उंचीची भीती मेलेली. पण त्या देशात दहीहंडी बांधणार कुठे? देवाचं नाव घेतलेलं कोणी वर कळवलं तर सगळे विमानात बसून घरी. यातून वाट काढली ती जोर्दी नावाच्या एका स्पॅनिश इंजिनिअरने. एका शुक्रवारी गोडाऊनमध्ये आमची माणसं गंमत म्हणून तीन थर लावत होती, ते पाहून तो धावत आला आणि पाकिटातून फोटो काढला. फोटोत त्याच्या गावचा चौक, आणि चौकात माणसांवर माणसं, आठ थर, वर एवढंसं पोर हात वर करून. तो म्हणे स्पॅनिश नव्हेच, कॅटलान, त्याच देशातल्या पण वेगळ्या मुलखाचा. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे चालतं, गावोगाव पथकं असतात. "हंडी कुठे आहे?" अण्णांनी हिंदीत विचारलं. हंडी नसतेच, तो म्हणाला. मनोरा लावायचा आणि लावला तसाच, एकेक थर करून, उतरवायचा. लावला पण उतरवताना कोसळला, तर तो पुरता झाला असं धरत नाहीत. हे अण्णांना इतकं पटलं की त्यांनी त्याचा हात धरून हलवला. जोर्दीने साहेबाकडून कागदावर 'खेळ' म्हणून परवानगी आणली. आम्हाला कमरेला लांब काळं कापड घट्ट आवळून बांधायला शिकवलं. त्याने पाठीला आधार मिळतो आणि वर चढणाऱ्याला पाय ठेवायला जागा होते. आरोळ्या द्यायच्या नाहीत, ओठांवर गोविंदा आला तरी गिळायचा. अण्णांनी त्याजागी एकच शब्द ठेवला. ते "यल्ला" म्हणाले की चढायचं.

रचना अशी. खाली दाऊदभाईंसारखे तीन धिप्पाड गडी कडं करून, आणि त्यांच्याभोवती वीस-पंचवीस माणसं एकमेकांच्या पाठीला छाती लावून दाटीवाटीने उभी. पडणाऱ्याला झेलते ती हीच गर्दी. दाऊदभाईंच्या खांद्यावर मी, दुसऱ्या थरात. माझ्या खांद्यावर वसूदादा, तिसऱ्यात. त्यावर दोघं, आणि सगळ्यांत वर एक काटकुळा वायरमन. अण्णा खालच्या गर्दीत, हातात रबरी नळीचा हातभर लांब तुकडा. थरात पाय हलला की पोटरीवर सण्णकन नळी. रक्त साकळायचं. मनोऱ्याबद्दल लोक एकीच्या, विश्वासाच्या गोष्टी करतात. मला आठवते ती मानेची सोललेली कातडी, वसूदादाच्या टाचा गळपट्टीच्या हाडाशी रुतलेल्या, डोळ्यांत उतरणारा दुसऱ्याचा घाम, आणि खालून येणारा नळीचा आवाज. तरीही पाचवा थर उभा राहायचा त्या चार-सहा क्षणांत छातीत काहीतरी भरून यायचं. ते नव्हतं असं म्हणणं खोटं होईल.

मग शेजारच्या देशात फौजा घुसल्या. चार दिवसांत खोबरचे रस्ते कुवेतच्या गाड्यांनी भरले. टपांवर गाद्या, आत दाटलेली बायकामुलं, काचा फुटलेल्या. विमानतळावरून लढाऊ विमानं उडायला लागली की मेसमधले चमचे ताटात नाचायचे. जोर्दीला त्याच्या वकिलातीने बोलावून घेतलं. जाताना तो फोटो त्याने अण्णांना दिला. आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि कंपनीचं म्हणणं, काम आहे, कोणी जायचं नाही. काम खरंच दुप्पट झालं होतं, फौजेसाठी शेड उभ्या करायच्या होत्या. चार-पाच महिने असेच गेले. संध्याकाळी माणसं रेडिओला कान लावून बसायची आणि कोणीतरी रोज नव्याने सांगायचं की विषारी वायू नाकात गेला की माणूस कसा तडफडतो.

जानेवारीत मेसमध्ये मास्कची एक पेटी आली. साहेबलोकांना त्यांचे मास्क केव्हाच मिळाले होते. आमच्या कॅम्पात काही शे माणसं आणि पेटीत चाळीसएक मास्क. वाटणाऱ्याने पेटी टेबलावर ठेवून झाकण उघडलं आणि यादी काढायला खिशात हात घातला, तो हात बाहेर येईपर्यंत पेटी टेबलावर नव्हती. मग जे झालं त्याला मारामारी हा शब्द अपुरा आहे. रोज एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांचे कान चावत होती. उकळत्या डाळीचं पातेलं कलंडलं आणि त्यात पडलेला एकजण ओरडत असताना त्याच्या पाठीवर पाय देऊन दुसरे पुढे गेले. दाऊदभाईंनी बाक उचलून भोवती फिरवला. अण्णांनी मुठीत एक क्लॅम्प धरला होता. एक वेल्डर मास्क छातीशी घेऊन खाली वाकला होता, ओळखीचा, आमच्याच पथकातला. अण्णांनी त्याच्या गालावर ती मूठ मारली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तो पडल्यावर. त्याचे दात डाळीत पडलेले मी पाहिले. त्या दिवशी पहिल्यांदा अण्णांचा उजवा हात चालला. पोलीस आले, त्यांनी काठ्यांनी सरसकट सगळ्यांना झोडपलं, आणि सगळं थांबलं. खोलीत आल्यावर अण्णांनी शर्टाखालून मास्क काढला. त्यावर रक्त होतं. ते त्यांनी नळाखाली धुतलं, पुसलं आणि मास्क वसूदादाला दिला.

दोन दिवसांनी कंपनीने कळवलं की प्रत्येक फोरमनच्या गटातल्या एकाला घरी जाता येईल. नाव फोरमनने द्यायचं. अण्णांनी वसूदादाचं नाव दिलं. मला हे खोलीत कळलं नाही, मेसच्या भिंतीवरच्या यादीत कळलं. वसूदादाची बायको, सुमावहिनी, तेव्हा सातव्या महिन्यात होती. कारण तसं कोणालाही पटावं असं होतं. मला पटलं नाही. मला वायूची भीती वाटत होती. 

"अण्णा, माझं नाव का नाही?" मी विचारलं.

"तो माझ्या भावाचा आहे. तू माझा आहेस."

"म्हणजे मी मरायचं?"

डावा हात आला. ओठ फुटला. "मरायचं तर दोघं मरू," अण्णा म्हणाले, "पण त्याला मी इथे मरू देणार नाही." आणि शांतपणे दाढी करायला बसले.

 वसूदादा अण्णांकडे जाऊन माझ्यासाठी भांडला होता आणि अण्णांनी त्याला गप्प केलं होतं, हे मला कितीतरी नंतर समजलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की कागद होईपर्यंत थांबायचं म्हणून तो बॅग भरून बसलाय आणि एके दिवशी तो मास्क त्याने माझ्या उशाशी आणून ठेवलाय. "मला आता कशाला?" तो म्हणाला. चांगुलपणानेच म्हणाला. मला वाटलं, उष्टं ताट सरकवावं तसा तो माझ्याकडे मरण सरकवतोय.

युद्ध सुरू झालं तसं काम बंद पडलं. विमानतळ बंद, म्हणून सुटका झालेल्यांनी बसने जेद्दाला जायचं ठरलं. आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या मारून, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून दिवसेंदिवस बसून असायचो.  दोन माणसं खरोखर वेडी झाली; एकाने नुसत्या डोक्याने आरसा फोडला. "बसून राहिलात तर सगळे असेच व्हाल," अण्णा म्हणाले, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता गोडाऊनमध्ये मनोरा लावायला सुरुवात झाली. माणसं खरंच यायची. डोक्यावर माणसाचं वजन असलं की आभाळातून काय पडेल याचा विचार करता येत नाही.

वसूदादाची बस परवावर आली होती त्या संध्याकाळी पाचवा थर लागला, आणि सायरन वाजला. बाहेरच्या कड्यातली माणसं दाराकडे पळाली. ज्या गर्दीने झेलायचं ती गर्दी एका क्षणात विरळ झाली, माझ्या उजव्या बाजूला तर खाली नुसतं सिमेंट दिसत होतं. "कोणी हलायचं नाही!" अण्णा खालून ओरडले, "वरून एकेक! घाई नाही!" वायरमन घसरत खाली गेला. चौथ्या थरातले दोघं उतरले. अण्णांच्या आवाजात असं काही होतं की राहिलेले दगडासारखे उभे होते. राहिला तिसरा थर. वसूदादाने माझ्या डोक्यावर हात टेकला आणि म्हणाला, "दिन्या, घट्ट राहा. उतरतोय मी."

तेव्हा तो आवाज झाला. येणारं स्कड क्षेपणास्त्र हवेतच फोडायला विमानतळाकडून पॅट्रियट सुटलं होतं. पत्र्याचं छप्पर अंगावर आल्यासारखं वाजलं आणि कानात शिट्टी भरून राहिली.

सगळ्यांनी पुढे असंच सांगितलं की आवाजाने मनोरा हलला आणि वसू पडला. तसं झालेलं नाही. आवाज आधी झाला, माझा खांदा नंतर गेला, आणि मधे एक पुरा श्वास होता. त्या एका श्वासात मला आमच्या घराची पडवी दिसली, पडवीत वसूदादा आणि त्याच्या पुढ्यात बसलेली माझी आई. हा गेला नाही तर, असं मला वाटलं. वाक्य पुरंसुद्धा झालं नाही. मी उजवा खांदा खाली टाकला आणि अंग बाहेरच्या बाजूला, सिमेंटच्या बाजूला, वळवलं. पडताना त्याने माझे केस पकडले. मूठभर केस मुळांसकट गेले. मग सुकी फळी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला, आणि त्यानंतर वसूदादाची किंकाळी, जी सायरनहून वेगळी ओळखायला मला थोडा वेळ लागला. मी स्वतः डावीकडच्या माणसांवर पडलो. मला खरचटलंही नाही. त्याच्या मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, पांढरं नव्हे, गुलाबी, ओलं. अण्णा त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ती मांडी दाबून धरत होते आणि रक्त त्यांच्या बोटांतून येत होतं. दाऊदभाई मात्र माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्या खांद्यावर होतो. वजन कधी आणि कुठल्या बाजूला गेलं, ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्यांनी कधी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या ताटात त्यांनी स्वतःहून काही वाढलं नाही.

इस्पितळात खाटा जखमी सैनिकांसाठी राखून ठेवल्या होत्या. वसूदादाला आम्ही दाराच्या फळीवर घालून नेलं आणि ऑपरेशन होऊन मांडीत सळई बसल्यावरही तो पंधरा दिवस कॉरिडॉरमध्येच पडून होता. मी त्याच्या उशाशी. सायरन वाजला की नर्स मास्क लावून निघून जायच्या आणि आम्ही दोघं, एक मास्क, तो मधे ठेवून भिंतीकडे बघत बसायचो. एका संध्याकाळी भिंतीवर आगीचा तांबडा उजेड हलला आणि नंतर कितीतरी वेळ रुग्णवाहिका येत राहिल्या. फेब्रुवारीत उत्तरेकडून तेलविहिरींचा धूर आला. दुपारी दिवे लावावे लागले, आणि रुमाल नाकाशी धरला तरी थुंकी काळी यायची. त्या सगळ्या दिवसांत वसूदादा माझ्याशी पाणी, भांडं, उशी यापलीकडे बोलला नाही. मी समजलो, वेदनेने.

जखमीला जायची परवानगी होतीच. सोबत एक माणूस लागणार होता. "घरचा हवा," अण्णा म्हणाले आणि माझं नाव लिहिलं. जे हवं होतं ते मला असं मिळालं. बस आली तेव्हा अण्णांनी वसूदादासाठी मागचं आडवं बाक दोन्ही हातांनी हलवून, बोल्ट नीट आवळलेत का ते पाहिलं. मला म्हणाले, "खड्डा आला की त्याचा पाय धरायचा." मी आख्ख्या वाळवंटातून, दोन दिवस, तो पाय धरून होतो.

जेद्दात शराफिया वस्तीत दाऊदभाईंचे भाऊ इब्राहिमभाई यांची खानावळ होती. वरच्या खोलीत त्यांनी आमची सोय केली. तिथे युद्ध नव्हतंच. खाली तळलेल्या माशांचा वास, मल्याळी आणि आपल्याकडची माणसं दुकानांपुढे दाटीने उभी, मुलं आइसक्रीम खाताहेत. मला ते सगळं खोटं वाटायचं. विमानात जागा मिळायची वाट पाहत चार दिवस झाले. पाचव्या दिवशी दुपारी खाली एकदम आरडाओरडा झाला, कोणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला, आणि रस्ताभर एकच शब्द उसळत गेला. खलास. खलास. युद्ध संपलं होतं. मी खिडकीतून वाकून पाहत होतो.

"दार लाव, दिन्या," वसूदादा मागून म्हणाला.

मी लावलं.

"कडी घाल. किती वेळ होता?"

"कसला?"

"आवाज झाला आणि तू खांदा काढलास. मधे किती वेळ होता?"

खाली लोक नाचत होते. मी म्हणालो, "एक श्वास."

"मलाही तेवढाच वाटला," तो म्हणाला. "इथे बस. खाली, जमिनीवर."

मी त्याच्या खाटेपाशी बसलो. पहिल्यांदा त्याने हाताने मारलं, तोंडावर, नाकावर, मोजून मारावं तसं. नाकातून रक्त ओठांवर आलं तेव्हा त्याने चादरीला हात पुसला आणि पुन्हा मारलं. मग बसल्या जागेवरून कुबडी उचलली. मी हात वर केले नाहीत. केले असते तरी त्याने थांबावं असं मला वाटत नव्हतं, पण भीती वाटत होती हेही खरं, मी मेंढरासारखा ओरडत होतो. पाठ, बरगड्या, आणि मग उजवा खांदा. तिथेच तो पुन्हा पुन्हा मारत राहिला. प्रत्येक फटक्यासरशी त्याचा स्वतःचा पाय हलायचा आणि तो माझ्यापेक्षा मोठ्याने कण्हायचा. गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा आम्हा दोघांनाही ऐकू आलं. तो थांबला. कुबडी भिंतीला नीट टेकवून ठेवली. त्याचं तोंड घामाने भिजलं होतं आणि तो रडत होता, पण आवाज न करता.

दार वाजलं. "अरे काय चाललंय? काय पडलं?" इब्राहिमभाई बाहेरून ओरडत होते.

मी कडी काढली. माझ्याकडे पाहून ते मागे सरकले. "या अल्ला! कोणी मारलं?"

"जिन्यावरून पडला," वसूदादा खाटेवरून म्हणाला. "युद्ध संपलं म्हणून धावत सुटला, मूर्ख."

इब्राहिमभाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा कुबडीकडे पाहिलं, आणि ओळखीच्या हाडवैद्याला बोलावलं. त्याने हात गळ्यात बांधला. संध्याकाळी वर भात आणि कालवण आलं. उजवा हात बांधलेला, मी ताटाकडे पाहत बसलो. इतके दिवस मी वसूदादाला भरवत आलो होतो.

"डाव्या हाताने जेव," तो म्हणाला.

मी जेवलो. तोही जेवला. मग म्हणाला, "काकांना यातलं काही कळता कामा नये. ते तुला जिवंत ठेवणार नाहीत आणि मग स्वतःही राहणार नाहीत. घरात काकी आहे. सुमाला मी सांगेन, तिच्यापासून मी काही लपवत नाही. बाकी कोणाला नाही." ताट बाजूला सरकवून पुन्हा म्हणाला, "आणि माफी बिफी मागत बसू नकोस. माझ्याकडे नाही ती." त्याने शब्द पाळला. पुढे तीस वर्षं आम्ही एकाच घरात राहिलो, एकाच पंगतीला बसलो, अण्णांना दोघांनी खांदा दिला. माफी मी मागितली नाही आणि त्याने दिली नाही.

आम्ही घरी पोचलो त्याच्या आदल्या दिवशी त्याला मुलगा झाला होता. त्याचा पाय तीन बोटं आखूड राहिला. परांचीवर चढणं संपलं, म्हणून बाजारात त्याने सायकल-दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि जड सामान उचलायला मी. गावात त्याला सगळे स्कडवाला वसू म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. लग्नात, बारशात, दुकानाच्या फळीवर त्याला कोणीतरी ती गोष्ट सांगायला लावायचंच. तो रंगवून सांगायचा. विमानं, सायरन, पाच थर, पत्र्याचं छप्पर. शेवटी हात उडवून म्हणायचा, "तुम्हाला खरं वाटणार नाही. विचारा या दिन्याला. हा माझ्या खाली होता." मग सगळे माझ्याकडे वळायचे, आणि तोही वळायचा, हसऱ्या तोंडाने, पापणीही न हलवता. मी म्हणायचो, "आवाज फार मोठा होता." तीस वर्षांत त्याने मला त्यातून एकदाही सूट दिली नाही.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. हे प्रकरण छापायला देण्याआधी मी सुमावहिनींना वाचून दाखवलं. त्या शेवग्याचा पाला निवडत होत्या. खांद्याच्या जागी आलो तेव्हा मी थांबलो. त्यांनी मान वर केली नाही.

"पुढे?" त्या म्हणाल्या. "जेद्दाचं लिहिलंत ना, भाऊजी? ह्यांनी मारलं ते?"

"लिहिलंय, वहिनी."

"हाड मोडेपर्यंत मारलं, हे?"

"हो."

"मग छापा," त्या म्हणाल्या. "नाहीतर लोकांना वाटायचं, हे साधे होते."